नेस्तोरचा काळा पेसो

नेस्तोर माझ्या गाडीत पुढच्या सीटवर कधीच बसला नाही. ब्रॅम्पटनमधल्या आमच्या गल्लीपासून वेअरहाऊसपर्यंत सकाळचा पाऊण तासाचा रस्ता. शेजारची सीट रिकामी असली तरी हा मागे, खिडकीला खेटून, मांडीवर डब्याची पिशवी घेऊन बसणार. बघणाऱ्याला मी टॅक्सीवाला वाटायचो. गाडी हायवेला लागली की माझ्या खांद्यावर बोट टेकायचं आणि कानाशी आवाज यायचा, "बायाद पो!"

बायाद म्हणजे भाडं. पो म्हणजे आपला 'जी'. बोटांत दोन डॉलरचं नाणं. मी घेईपर्यंत बोट हलायचं नाही.

"अरे, शेजारी आहोत आपण. पैसे कसले घेऊ?" मी शंभरदा म्हटलं असेल.

"पारे," तो म्हणायचा. पारे म्हणजे गड्या. "फुकट बसणाऱ्याला हवं तिथे उतरता येत नाही."

त्याचं बोलणं इंग्रजीत असे, मधूनमधून त्याच्या टागालोग भाषेचे शब्द. मी ते इथे मराठीत लिहितो आहे. त्याला जाऊन आता वर्ष होईल. त्याच्याबद्दल काही चांगलं लिहावं म्हणून बसतो आणि आधी चीडच येते. थोडी त्याची, बरीचशी माझी.

मनिलाजवळच्या काविते गावात नेस्तोरने अर्धं आयुष्य जीपनी चालवली होती. जीपनी म्हणजे आमच्याकडच्या वडाप जीपची थोरली, नटलेली बहीण. आत समोरासमोर दोन लांब बाकं, कंडक्टर नाही. मागे बसलेला माणूस भाडं पुढच्याच्या हातात देतो, तो त्याच्या पुढच्याच्या, असं अनोळखी हातांतून नाणं ड्रायव्हरपर्यंत जातं आणि सुट्टे पैसे त्याच वाटेने परत येतात. "मधे कोणी खात नाही?" मी विचारलं होतं. नेस्तोरने माझ्याकडे आरशातून असं पाहिलं की मी गिअर नसलेल्या गाडीत गिअर शोधू लागलो.

जीपनीचा ड्रायव्हर नोटा उभ्या दुमडून डाव्या हाताच्या बोटांच्या बेचक्यांत धरतो. वीसच्या इथे, पन्नासच्या इथे, शंभरच्या इथे. त्याच हाताने स्टिअरिंग. इतक्या वर्षांनी नेस्तोरची बोटं तशीच राहिली होती. पंख्यासारखी फाकलेली. तो डाव्या हाताने कप धरायचा तोसुद्धा दोन बोटांच्या बेचक्यात.

जीपनीच्या या सवयींनीच त्याला कॅनडात लायसन्स मिळू दिलं नाही. पहिल्या रोड टेस्टला परीक्षक म्हणाली, "सर, दोन्ही हात स्टिअरिंगवर." याने ठेवले, आणि मिनिटाभरात उजवा हात आपोआप खांद्यावरून मागे गेला, भाडं घ्यायला. दुसऱ्या टेस्टला फुटपाथवरच्या एका माणसाने कुत्र्याला हाक मारताना हात वर केला. नेस्तोरने त्याच्यासाठी गाडी थांबवली. तिसऱ्या वेळी मी त्याला आठवडाभर प्लाझाच्या पार्किंगमध्ये शिकवलं. ओरडलो, एकदा तर गाडीतून उतरून चालू लागलो. टेस्टच्या दिवशी त्याने बसस्टॉपवर उभ्या असलेल्या आजीबाईंसाठी ब्रेक मारला.

"ती बसची वाट बघत होती, नेस्तोर!"

"मग? मला काय कमी जागा होती?"

म्हणून मी त्याला नेत होतो. ते उपकार मी मनात मोजत होतो आणि मोजतोय म्हणून ओशाळतही होतो. त्याची बायको कोरा आधी आया म्हणून इथे आली, मग तिने नवऱ्याला आणि मुलीला बोलावलं. मुलगी मारिसेल एका फार्मसीत कामाला होती आणि सकाळी आमच्याच गाडीतून निम्म्या वाटेवर उतरायची. माझा पुतण्या ओंकार इथे कॉलेजला आला, आमच्या बेसमेंटमध्ये राहिला आणि पीआरची, म्हणजे इथे कायम राहायच्या परवान्याची, वाट बघत आमच्याच वेअरहाऊसमध्ये पार्ट-टाइम लागला. तो पुढच्या सीटवर. आता भाडं रीतसर हातांतून येऊ लागलं. नेस्तोरकडून मारिसेलकडे, मारिसेलकडून ओंकारकडे, ओंकारकडून माझ्याकडे.

यात पुढे काय होणार हे कोणालाही कळलं असतं. आम्हा दोघांना कळलं नाही. मी आरशात ट्रक बघत होतो आणि नेस्तोर बोलत होता.

तो पैशांबद्दल बोलायचा. किती आहेत, किती नाहीत याबद्दल नव्हे. नाण्यांबद्दल आणि नोटांबद्दल, जशी इतर माणसं क्रिकेटबद्दल बोलतात. मधे काही वर्षं त्यांच्याकडे नवा एक पेसो आणि नवा पाच पेसो इतके सारखे निघाले की जीपनी चालवणाऱ्या त्याच्या पुतण्याच्या गल्ल्यात रोज खोट यायची. पुढे सरकारने पाचच्या नाण्याला नऊ कोपरे दिले, तेव्हा नेस्तोर असा खूश झाला की जणू कोपरे त्यानेच घासून काढले होते. वीस पेसोची नोट जाऊन नाणं आलं तेव्हा मात्र त्याने डाव्या हाताकडे पाहिलं. "बेचकीतली पहिली जागा रिकामी झाली," एवढंच म्हणाला.

मग हजाराची नवी नोट आली. प्लास्टिकची. कोणाच्या तरी हाती पुतण्याने एक पाठवली होती. नेस्तोरने गाडीत ती उभी दुमडली, ती टपकन उघडली. पुन्हा दुमडली, पुन्हा उघडली.

"ही नोट आहे की उंदराचा सापळा?"

"अरे, कॅनडाच्या नोटाही प्लास्टिकच्याच आहेत," मी म्हणालो.

"त्या पाकिटात झोपतात. आमच्या नोटा काम करतात." मग त्याने ती माझ्या नाकासमोर धरली. हायवेवर, ताशी शंभरच्या वेगात. "आणि हे बघ. आधी इथे तीन माणसं होती. युद्धात जपान्यांपुढे मान न झुकवता मेलेली. त्यांना काढलं आणि गरुड बसवला. गरुडाने कोणाला नकार दिला होता, सांग!"

"नेस्तोर, मला रस्ता दिसत नाहीये!"

ती नोट त्याने भाताच्या पातेल्याखाली आठवडाभर दुमडून ठेवली. आठव्या दिवशी काढली, ती टपकन उघडली. तरी तो हरला नाही. मारिसेलच्या लग्नापर्यंत पातेल्याखाली होती म्हणतात.

तो सांगायचा त्यातलं निम्मं ऐकीव असे. अमेरिकी काळातल्या चांदीच्या पेसोवर ऐरणीशी उभी असलेली बाई आहे, मागे धुमसणारा ज्वालामुखी. चित्रकाराने आपल्या मुलीलाच समोर उभं करून ती काढली, असं तो छातीवर हात ठेवून सांगायचा. मी इंटरनेटवर पाहिलं. तिथे 'असं म्हणतात' एवढंच होतं. मी तसं सांगितल्यावर तो म्हणाला, "तुला मुलगी नाही म्हणून तू पुरावा मागतोस." त्या दिवशी मी परतीच्या वाटेवर त्याच्याशी बोललो नाही. मला मुलगी नाही, मूलच नाही, हे त्याला माहीत होतं. दुसऱ्या दिवशी सीटवर डब्यात माझ्यासाठी वाटीभर केळ्याची गोड भजी होती. माफी मागायची त्याची ही पद्धत. मी खाल्ली आणि तरी धुसफुसत राहिलो. असा मी आहे.

ओंकार आणि मारिसेलने लग्न करतोय म्हणून सांगितलं तेव्हा माझ्या घरात आठवडाभर फोनाफोनी झाली. नेस्तोरने मात्र दुसऱ्याच सकाळी, पहिल्यांदाच, गाडीत बसायच्या आधी मला मिठी मारली. "बालाए!" तो म्हणाला. मुलाच्या आणि मुलीच्या आईबापांचं एकमेकांशी जे नातं, त्याला त्यांच्या भाषेत हा शब्द आहे. मी म्हणालो, आमच्यात व्याही म्हणतात. खरा व्याही माझा दादा, मी नुसता काका. "इंग्रजीत काय म्हणतात?" त्याने विचारलं. मला आठवेना. "नाहीच!" तो आनंदाने ओरडला. "यांची मुलं लग्न करतात आणि आईबाप एकमेकांचे कोणीच होत नाहीत!"

त्यांच्याकडे लग्नात चर्चमध्ये नवरा नवरीच्या ओंजळीत तेरा नाणी ओततो. जे मिळेल ते दोघांचं, अशी त्यामागची भावना. नेस्तोर मारिसेलच्या जन्मापासून ही तेरा नाणी जमवत होता. प्रत्येक नाणं वेगळ्या काळाचं. तो डबा त्याने एका सकाळी गाडीत उघडला. बाहेर बर्फ पडत होतं, चारशे दहा नंबरचा हायवे मुंगीच्या गतीने सरकत होता.

"हा स्पेनच्या राजाचा." त्याबद्दल नाण्यांच्या दुकानदाराने आधीच सांगितलं होतं की ही नक्कल आहे. "नक्कल तर नक्कल. राजा तरी कुठे खरा होता? हा अमेरिकी काळातला अर्धा पेसो. हा नारळाच्या झाडाचा, दहा कोपऱ्यांचा. हा रानरेड्याचा. याच्यावर माझी पहिली जीपनी चालली. आणि युद्धाचा काळ... त्या काळाला नाणं नाही, पारे. जपान्यांनी नुसता कागद छापला. माझी आजी पिशवीभर नोटा घेऊन जायची आणि ओंजळभर तांदूळ आणायची. म्हणून त्या जागी हा ठेवलाय. हा काळा. माझ्या बापाने—"

पुढे अपघात झाल्याचं रेडिओवर सांगू लागले. मी आवाज वाढवला आणि "हं, हं" करत राहिलो. 'बाप' आणि 'समुद्र' एवढे दोन शब्द माझ्या कानात राहिले. अर्धवट ऐकणं हे न ऐकण्याहून वाईट. न ऐकणारा निदान पुन्हा विचारतो. मी 'हो, नेस्तोरने सांगितलंय मला' असं म्हणायला मोकळा झालो.

आपल्याकडे मंगळसूत्र मुलाकडचे आणतात, तशी ही तेरा नाणी नवऱ्याकडून यायची. म्हणून लग्नाच्या आठवडाभर आधी नेस्तोरने डबा आमच्या घरी आणून दिला. दोन्ही हातांनी. कोरा मागे उभी होती. माझी वहिनी, ओंकारची आई, इचलकरंजीहून नुकतीच आली होती. दादाचा व्हिसा नाकारला गेला होता, त्यामुळे वरबाप, वरमाय सगळं तिलाच व्हायचं होतं, परक्या देशात, गुडघ्याच्या दुखण्यासकट. तिने डबा कपाळाला लावला. नेस्तोरला ते फार आवडलं.

दोन दिवसांनी मी कामावरून आलो तर स्वयंपाकघरात चिंचेचा वास. ओट्यावर पांढरा टॉवेल, त्यावर तेरा नाणी ओळीने मांडलेली, प्रत्येकावर हळदीकुंकवाचं बोट.

"बघा भावजी," वहिनी म्हणाली. तिचे हात कोपरापर्यंत काळे झाले होते. "एक तर इतकं काळंमिट्ट होतं की काय सांगू! शुभकार्यात काळं कुठे ठेवायचं? चिंच लावली, मीठ लावलं, रांगोळीने घासलं. निघेना बाई. दुपारभर बसले. आता बघा, आरसा!"

ऐरणीवर हात ठेवून उभी असलेली ती बाई लखलखत होती. तिच्या मागच्या डोंगरातून निघालेला धूरसुद्धा स्पष्ट दिसत होता. हाच तो काळा, एवढं मला आठवलं. पुढचं आठवलं नाही. मी म्हणालो, "छान झालंय, वहिनी."

शुक्रवारी दुपारी चर्चमध्ये लग्नाची तालीम होती. पाद्रींनी डबा मागितला. ओंकारने दिला. नेस्तोरने आत पाहिलं आणि डावा हात डब्यावर ठेवला, बोटं फाकून, झाकल्यासारखा. वहिनी उत्सुकतेने त्याच्याकडे बघत होती. मला म्हणाली, "सांगा ना त्यांना, मी घासली म्हणून." मी सांगितलं. न सांगून चाललं असतं का, कोण जाणे.

नेस्तोर तिच्याकडे वळला. "मागांदा," तो म्हणाला. सुंदर. "सालामात, बालाए." धन्यवाद, विहीणबाई. मग तिच्या काळ्या पडलेल्या नखांकडे बघून त्याने मान लववली. वहिनी लाजून हसली.

पार्किंगमध्ये त्याने मला गाडीशी गाठलं.

"तुला सांगितलं होतं."

"नेस्तोर, मी—"

"तिला मी काही म्हणत नाही. तिला कोणी सांगितलंच नाही. तुला सांगितलं होतं."

मग त्याने पुन्हा सांगितलं. या वेळी रेडिओ नव्हता. युद्धात मनिलासमोरच्या बेटावरचा किल्ला पडायची वेळ आली तेव्हा तिथल्या सैनिकांनी सरकारी खजिन्यातले चांदीचे पेसो जपान्यांच्या हाती लागू नयेत म्हणून पेट्या भरून खाडीत बुडवले. युद्धानंतर नेस्तोरच्या बापासारखे कोळी चोरून तिथे बुड्या मारत. नळी नाही, मुखवटा नाही, नुसता छातीतला श्वास. खाऱ्या पाण्याने नाणी काळी पडली होती, चिखलात काळ्याने काळं शोधायचं. सापडलेली बापाने तांदळासाठी विकली. त्यात त्याचा एक कान गेला, मग दुसरा. शेवटचं एक नाणं त्याने ठेवलं आणि कधी पुसूही दिलं नाही. बहिरा झाल्यावर ते तो पोरांच्या हातात द्यायचा, बोटाने तो काळा थर दाखवायचा. तीच त्याची गोष्ट सांगायची रीत होती.

"चांदीचे पेसो बाजारात कितीही मिळतात," नेस्तोर म्हणाला. "तो काळा रंग माझ्या बापाचा होता."

मी काय करावं? मी उपाय शोधायला धावलो. मला दुसरं काही येत नाही. नाण्यांच्या दुकानदाराने सांगितलं, उकडलेलं अंडं कुस्करून पिशवीत नाण्याबरोबर ठेवा, चांदी काळी पडते. मी सहा अंडी उकडली, वहिनीची नजर चुकवून गॅरेजमध्ये सोलली आणि नेस्तोरच्या दारात जाऊन उभा राहिलो. हातात अंड्यांची पिशवी.

त्याने पिशवीचा वास घेतला. "माझ्या बापाने अंड्यात बुडी मारली नव्हती," असं म्हणून त्याने दार लावलं.

शनिवारी लग्न झालं. ओंकारने नाणी ओतली, मारिसेलने झेलली. फोटोग्राफरने सगळी सोडून त्या एकाच चकचकीत पेसोचा फोटो काढला. आल्बमचं मुखपृष्ठ तेच आहे. नेस्तोर नाचला, वहिनीच्या ताटात वाढलं, दादाला व्हिडिओ कॉलवर सगळं चर्च दाखवलं. माझ्याशी हात मिळवला. बालाए म्हणाला नाही.

सोमवारी सकाळी मी त्याच्या दारासमोर गाडी उभी केली. तो बाहेर आला, मला हात केला आणि बसस्टॉपकडे चालू लागला. दोन बस बदलून तो कामावर यायचा. उणे वीसमध्येसुद्धा. मी रोज त्याच्या मागून हळू गाडी नेत खिडकी खाली करायचो. "बस रे. दोन डॉलर दे आणि बस." तो म्हणायचा, "पास काढलाय." मला त्याचा असा राग यायचा! आपली चूक आहे हे ठाऊक असताना समोरच्याचा राग येतो, तो सगळ्यांत उकळता. चूक खरं तर कोणाचीच नव्हती, किंवा माझी एकट्याची होती. मी दोन्ही बाजूंनी वाद घालायचो, रिकाम्या गाडीत. कारण ओंकार आता वेगळा राहत होता.

वर्षभराने नेस्तोर रिटायर झाला आणि दोघांनी काविते गाठायचं ठरवलं. एअरपोर्टला कोण सोडणार, हे कोराने ठरवलं. तिने सरळ मला फोन केला. मोठ्या खोक्यांनी डिकी भरली. मी, शेजारी ओंकार, मागे कोरा, मारिसेल आणि खिडकीशी नेस्तोर. हायवेला लागलो. मी आरशात पाहायचं टाळत होतो.

मागे हालचाल झाली. मारिसेलने ओंकारच्या खांद्याला हात लावला. ओंकारने हात मागे नेला आणि मग माझ्यापुढे धरला. तळव्यावर दोन डॉलरचं नाणं, गरम झालेलं. ते बराच वेळ कोणाच्या तरी मुठीत असणार.

"बायाद," मागून आवाज आला. 'पो' नव्हतं. पण मी घेतलं.

निरोप घेताना त्याने खिसा थोपटला. "तो पेसो पोरांकडून मागून घेतलाय, बरोबर नेतोय. जिथे काळा झाला तिथेच पुन्हा काळा होईल. नातवंडाच्या लग्नाला लागेल."

"वहिनीला सांगू का कधी? खरं काय ते?"

"खबरदार! एक दुपार घासत होती ती. गुडघे धरून."

म्हणून वहिनीला अजून माहीत नाही. हे छापून आलं तर कळेल आणि नेस्तोर असता तर त्याने माझ्याशी पुन्हा बोलणं सोडलं असतं. पण दरवर्षी दिवाळीत ती फोनवर विचारते, "ते चांदीचं नाणं अजून तसंच आहे ना हो, चकचकीत?" आणि दरवर्षी 'हो' म्हणताना माझी जीभ अडखळते. आता 'हो' म्हणवत नाही.

शेवटचा मी त्याला पाहिला तो मारिसेलच्या फोनवर. आमच्याच स्वयंपाकघरात, तिच्या पोटात सातवा महिना. त्याचा जीपनीवाला पुतण्या होडीत उभा राहून शूटिंग करत होता. कावितेच्या बाजूला शिंपल्यांच्या शेतीसाठी उथळ समुद्रात बांबू रोवतात, तसल्या बांबूंच्या रांगेत नेस्तोर छातीभर पाण्यात उभा होता. वाळला होता. उजव्या हाताने त्याने एका बांबूची दोरी ओढली, जाळीची थैली वर आली. त्याने नाणं काढून कॅमेऱ्यासमोर धरलं. उन्हात ते असं चमकलं की पडदा पांढरा झाला.

"महिन्याला एकदा काढून बघतो," तो ओरडला. "कडेला जरासं राखाडी. बाकी बघ! पारे, आहेस का तिथे? तुझ्या वहिनीला सांग, काम पक्कं केलंय तिने. सगळा समुद्र मागे लागलाय, ऐकत नाही!"

तो मोठ्याने हसला. मारिसेल हसली, मग तिने डोळे पुसले. मी 'काम पक्कं' एवढाच निरोप इचलकरंजीला कळवला आणि वहिनी खूश होऊन म्हणाली, "चिंच जुनी होती ना, म्हणून."

पडद्यावर नेस्तोरने थैलीला गाठ मारली, सोडली, बुडताना बघत राहिला. मग पाठ फिरवून किनाऱ्याकडे चालू लागला. पाणी त्याच्या काखेपर्यंत आलं होतं. उजवा हात पाणी कापत होता. डावा त्याने डोक्याच्या वर धरला होता, बोटं फाकून, बेचक्यांतलं काही भिजू नये तसा.